पायरीवरचं पायरीवर

आक्का, काल आपण हरलो.

पहिलं तेच सांगून टाकते, नाहीतर तू मला पुढचं काही बोलूच द्यायची नाहीस. शिरूरच्या ग्राउंडवर हरलो, थोडक्यात हरलो, आणि रेफ्रीच्या नावानं बोटं मोडावीत असंही काही घडलं नाही. प्रणाली खेळली नाही. का खेळली नाही ते सांगते, पण घाई करू नकोस. मला एका दमात सांगता येत नाहीये. सकाळपासून दुकान उघडून बसलेय. एका ब्लाऊजची बाही उलटी लावली, उसवली, आणि परत उलटीच लावली. मशीनवर बसले तर शिवण सरळ येत नाही, उठले तर करायचं काय ते सुचत नाही. दारापर्यंत जाते, रस्त्याकडं बघते, परत येते. समोरचा किराणावाला विचारतो, ताई, कोण यायचंय का? काय सांगू त्याला?

तुझी छत्री खुंटीला आहे. काल शिरूरला नेली होती, परत आणून तिथंच अडकवली.

तू गेल्यावर लोक फार चांगलं बोलायला लागलेत तुझ्याबद्दल, ऐकवत नाही. चर्चमध्ये पाळक म्हणाले, "रूथबाई म्हणजे अत्यंत शांत स्वभावाच्या भगिनी." शांत! मी आणि आबा मागच्या बाकावर बसलो होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. लोकांना वाटलं रडतेय. पुढच्या बाकावरच्या तुमच्या त्या चष्मेवाल्या बाईंनी मागं वळून माझ्या पाठीवरनं हात फिरवला, आणि मग खरंच रडू आलं, ते थांबेचना. म्हणजे आधी हसले आणि नंतर रडले. तुला हिशेब बरोबर कळावा म्हणून सांगितलं.

शांत बाईशी माझं पटलंच नसतं. आपली ओळखच भांडणातनं झाली. मी टीमचे शिवलेले शर्ट पोचवायला कॉलेजच्या मागच्या बास्केटबॉलच्या कोर्टवर आले होते. पोरी शर्ट घालून बघत होत्या आणि तू सिमेंटच्या पायऱ्यांवर सगळ्यात वर, लिंबाच्या सावलीत, ही छत्री घेऊन बसलेली. रेल्वेच्या तिकीट खिडकीतनं रिटायर झालेली, ना पोर ना बाळ, पण कोर्टवर रोज हजर. मला वरनं हाक मारलीस, "ए बाई, सात नंबरचा घोटा बघ."

म्हटलं, "मला काय करायचाय घोटा? माझं काम शर्टाचं."

"शर्ट शिवतेस आणि आतली पोरगी दिसत नाही तुला?"

मला असा राग आला! भांडायला म्हणून वर चढले आणि मॅच संपेपर्यंत बसले. सात नंबर मधल्या सुट्टीत लंगडायला लागली. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस, नुसती छत्री आपटलीस. तेव्हापासून दुकानाला दुपारची सुट्टी लागली. मी "जयभीम आक्का" म्हणायचं, तू "सलाम" म्हणायचं, आणि बूड टेकायच्या आत आपलं जुंपायचं.

आबा तर त्या पायरीवर आपल्याही आधीपासूनचे. रिटायर हवालदार, इस्त्रीचा शर्ट, आणि दुखापत नावाची गोष्ट जगात नाहीच अशी ठाम समजूत. "नाटकं हायती सगळी. आमच्या टायमाला पाय मोडला तरी परेड चुकली न्हाई."

"मोडलेल्या पायानं परेड कशी हो करत होता, आबा?"

"दुसऱ्या पायानं."

हसून हसून तुझी छत्री पायऱ्यांवरनं गडगडत खाली गेली होती, ती खेळाच्या सरांच्या पायाशी. सर कसे बघत होते आपल्याकडं! कोण ही माणसं, कुणाची आई नाही, कुणाचा बाप नाही, आणि रोज येऊन बसतात.

मग तो पंचनामा. नाव आबांनी दिलं, पद्धत तुझी. पोरी वॉर्म-अप करत असताना, शिट्टी व्हायच्या आत, प्रत्येकानं एक नंबर आणि एक जागा सांगायची. पाच नंबर, मनगट. अकरा नंबर, कंबर. मग त्यावर भांडायचं. आणि निकाल मॅच संपल्यावर, बर्फाची पिशवी कुणाच्या कुठं ठेवली जाते त्यावर. जो चुकला त्यानं स्टेशनपर्यंत दुसऱ्यांची बोलणी ऐकत चालायचं. मी किती वेळा ऐकत चालले असेन! "तुझ्या इनामगावात उकरलं की हजारो वर्षांची हाडं निघतात, आणि तुला जित्या पोरीचा गुडघा ओळखू येत नाही," असं तू भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस. माझ्या माहेरावर गेलीस की मी पेटायचे. ते माहीत होतं म्हणूनच जायचीस.

पण नियमही तुझाच होता. पायरीवरचं पायरीवर.

हा नियम माझ्या आधीचा नाही, माझ्या डोळ्यांदेखत झालेला आहे, म्हणून मी त्याच्याबद्दल बोलणार. केंदूरची वैशाली. तिचा घोटा कामातनं गेलाय हे तू ओळखलंस आणि पोरीच्या भल्यासाठी खाली जाऊन सरांना सांगितलंस. सरांनी तिला बसवलं. ते बरोबरच केलं त्यांनी. पण बसवली म्हटल्यावर बातमी गावात गेली, आणि गावात जाईपर्यंत घोट्याची लंगडी पोरगी झाली. पायात खोट आहे, आणखी बोभाटा व्हायच्या आत उजवून टाका, असं मामानं मनावर घेतलं. पोरगी परत कॉलेजात आली नाही. तू एसटीनं केंदूरला गेलीस, एकटी गेलीस. तिथं काय झालं, कोण काय बोललं, ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. मी किती खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी पायरीवर आलीस आणि म्हणालीस, "आजपासून पायरीवरचं पायरीवर. पोरीला सांगायचं नाही, सरांना नाही, आईबापाला तर नाहीच. आपण बघायचं आणि गप बसायचं."

आणि हात पुढं केलास. आम्ही त्यावर हात ठेवले, पोरी मॅचच्या आधी ठेवतात तसे. आबांना लाज वाटत होती, पण त्यांनीही ठेवला.

आता प्रणालीचं. यवतची, बापाचं हायवेला पंक्चरचं दुकान, रोज पॅसेंजरनं येणार-जाणार. तिच्यासारखी पोरगी आपल्या कोर्टवर आपण बघितली नव्हती, यावर तरी आपलं एकमत होतं. यंदा तिचं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातनं भरतीचं दार उघडणार, नाहीतर बापानं स्थळं बघायला सुरुवात केलेलीच होती. आणि निवड करणारे येणार होते ते कालच्या शिरूरच्या मॅचला.

तिचा गुडघा पहिला मी ओळखला. यात तुझं काही चालणार नाही, हे श्रेय माझं. ती दुकानात ट्रॅक-पॅंट घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, फक्त डावा पाय जरा सैल करून द्या ना." फक्त डावा! आतनं जाड नी-कॅप घालायची होती, दुसरं काय? मी पॅंट सैल करून दिली, एक शब्द विचारला नाही, आणि पळत पायरीवर येऊन तुला सांगितलं.  तू छत्रीचं टोक कोर्टकडं करून म्हणालीस, "उडी मारते, पण उतरते एकाच पायावर. मी म्हटलं सवय असेल."

तिथनं पुढं आपलं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. तू म्हणायचीस, हिनं थांबायला पाहिजे. मी म्हणायचे, खेळू दे. आबा म्हणायचे, नाटकं. नियम होताच, त्यामुळं आपण कितीही भांडलो तरी त्या पोरीला त्यातलं काही कळणार नव्हतं. तरी रोज भांडायचो. भाजी घेताना, फोनवर, तुझ्या दारात, माझ्या दारात. एकदा तर स्टेशनच्या पुलावर तू अशी हातवारे करत होतीस की एका हमालानं सामान खाली ठेवून ऐकलं.

शेवटचं भांडण दुकानात झालं. मी शब्द न् शब्द सांगू शकते, कारण तेव्हापासून तेच ऐकतेय.

"गुडघा आयुष्यभर लागतो, मंगल."

"आन् नोकरी लागत न्हाई आयुष्यभर? तुला पेन्शन हाय, तुझं काय जातंय! तिचं हे एकच वर्स हाय. खेळली न्हाई तर उद्या बोहल्यावर चढवत्याल तिला. मग काय करायचाय तो गुडघा? भाकरी थापायला?"

"आणि कायमचा गेला तर?"

"जाऊ दे की! तू जन्मभर खिडकीत बसून तिकिटं दिलीस आक्का. तुला पळणाऱ्यांचं काय कळतंय?"

एरवी तू एकाला चार ऐकवणारी. त्या दिवशी नुसती उठलीस. दाराची चौकट धरून उभी राहिलीस, चांगला वेळ उभी राहिलीस, पाठ माझ्याकडं. मला वाटलं, रागावली. म्हटलं रागाव. छत्री विसरून गेलीस. मी हाक मारली नाही. म्हटलं येईल उद्या छत्रीसाठी, तेव्हा आणखी दोन ऐकवीन.

आली नाहीस. सकाळी चहा ठेवलास आणि गेलीस. गॅस शेजारणीनं बंद केला.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तू चिडशील. चीड. मीही चिडलेलीच आहे.

दिवाळीपासनं तू वरच्या पायरीवर येईनाशी झाली होतीस. आधी मधल्या पायरीवर बसायला लागलीस, मग सगळ्यात खालच्या. विचारलं तर म्हणालीस, "वर ऊन लागतं." ऊन! लिंबाची सावली वर, आणि तू खाली तापलेल्या सिमेंटवर. पोरींच्या घोट्यांचे पंचनामे करणाऱ्या माणसांना हे दिसणार नाही असं वाटलं होय तुला? एक दिवस चर्चची मीटिंग होती म्हणून तू आली नाहीस. आबा म्हणाले, "चला, आज आक्काचा पंचनामा." आणि आम्ही केला. चेष्टेत सुरू केला, पण केला. मी म्हटलं, गुडघा. जिना उतरताना कठडा धरते. आबा म्हणाले, "गुडघा न्हाई. दम हाय. बोलता बोलता मधीच थांबती, आन् थांबलेलं दिसू नाई म्हनून छत्री आपटती."

जगात दुखापत नसते म्हणणारे आबा, आक्का! ते बोलले. मी त्यांच्याशी वाद घातला. गुडघाच, मी म्हणत राहिले. हरायला नको म्हणून. मग वाद संपला आणि मी विचारलं, "आबा, सांगायचं का तिला?"

आबांनी मान हलवली. "पायरीवरचं पायरीवर."

मी म्हटलं, "व्हय. ते पण हाय."

एवढंच. एवढंच बोललो आणि मॅच बघायला लागलो. तुझ्या भावाचा मुलगा पुण्यात असतो, त्याचा फोन नंबर माझ्याकडं आहे. तू रोज समोर होतीस. तोंडात मूग धरून बसलो, आणि वर वाटत होतं की आपण शब्द पाळतोय. असा नियम करतं का कुणी? आणि केला तर केला, असला नियम पाळणाऱ्या शहाण्यांना काय म्हणायचं? तुझ्यावर चिडते, मग माझ्यावर, मग आबांवर, मग फिरून तुझ्यावर. मशीनचा दोरा तुटतो तेव्हा मशीनला शिव्या देते. माझ्या नवऱ्यानं परवा विचारलं, "मशीननं काय वाकडं केलंय तुझं?" मी त्यांच्यावरही चिडले.

काल जाणारच नव्हते. आबा सकाळी दुकानासमोर येऊन उभे राहिले, कडक इस्त्री, भांग पाडलेला. "चल."

"मी न्हाई येत."

"गाडी थांबलीय. छत्री घे."

 जीप इनामगावच्या फाट्याशी आली तेव्हा मला वाटलं आता मागनं हाडांवरनं काहीतरी ऐकू येणार. आबांनाही वाटलं असणार, कारण ते उगाच खाकरले. न्हावऱ्याला चहाला थांबलो, आबांनी सवयीनं तीन सांगितले. तिसरा ड्रायव्हरनं घेतला.

शिरूरला ग्राउंड भरलेलं. बाकांवर निवड करणारे साहेब लोक, हातात पाण्याच्या बाटल्या. समोरच्या बाजूला प्रणालीचा बाप. दुकान बंद ठेवून आला होता बिचारा, धुतलेला शर्ट घालून, एकटाच बसला होता. आम्हाला पायऱ्यांवर वर जागा मिळाली. वॉर्म-अप सुरू झाला.

"मी आधी," आबा म्हणाले. "चार नंबर, खांदा." आवाज नेहमीसारखा काढायचा प्रयत्न करत होते.

मी प्रणालीकडं बघत होते. उजव्या बाजूनंच जात होती. उडी मारून खाली आली की एक क्षण डोळे मिटायची, आणि मग लगेच हसायची. आक्का, त्या हसण्यानं मला बसवेना. मी उठले.

"कुठं?"

"खाली."

"मंगल. पायरीवरचं—"

"आबा, पायरीवरची एक गेली."

त्यांनी माझा हात धरलेला होता, तो सोडला.

मी तुझी छत्री घेऊन पायऱ्या उतरले, लोकांच्या पायांवर पाय देत. पाण्याच्या ड्रमपाशी प्रणालीला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "प्रणाली, तुझा डावा गुडघा दुखतोय. लई दिवस झालं दुखतोय. आमाला दिसतंय."

मला वाटलं, म्हणेल, काय नाय झालं काकू. सगळ्या तेच म्हणतात. सात नंबर तेच म्हणाली होती, वैशाली तेच म्हणाली होती. पण प्रणालीनं छत्रीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "आक्का बोलल्या तुमच्याशी? मला तर म्हणाल्या होत्या, मंगलला सांगणार नाही, तिला कळलं तर माझा जीव खाईल."

मला काही कळेना. म्हटलं, "काय बोलली आक्का?"

मग तिनं सांगितलं. तू तिला दौंडच्या प्लॅटफॉर्मवर गाठलंस, ती पॅसेंजरची वाट बघत असताना. सरळ विचारलंस, गुडघा कधीपासून? तिनं नाही नाही म्हटलं, तर तू तिथंच बाकड्यावर बसलीस आणि गाडी येऊन गेली तरी उठली नाहीस, तिलाही उठू दिलं नाहीस. शेवटी ती रडली. मग तू तिला शिरूरच्या हाडांच्या डॉक्टरकडं नेलंस. दौंडला नाही, यवतला नाही, कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून शिरूरला. मला म्हणाली होतीस, भाचीकडं बारसं आहे. मी बारशाचे पेढे मागितले होते, आणि तू बाजारातनं आणून दिलेस! मशीनमधनं फोटो काढला. लिगामेंट. डॉक्टर म्हणाले, आता खेळलीस तर पूर्ण तुटेल. आणि खाली आल्यावर तू तिला म्हणालीस, "सांगायचं का खेळायचं, ते तू ठरव. तू तोंड उघडेपर्यंत माझं बंद."

म्हणजे माझ्या दुकानात मी नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होते, तुला काय कळतंय म्हणत होते, तेव्हा तुझ्या डोक्यात तो फोटो होता. आणि तिला दिलेला शब्द होता. म्हणून चार ऐकवली नाहीस.

मी तिथनं वळणार होते. प्रणालीनं माझा हात धरला. म्हणाली, "काकू, डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. आक्का जिन्यात मधेच बसल्या. सगळा घाम. मी म्हटलं, आक्का, इथंच खाली छातीचे डॉक्टर आहेत, तुम्ही पण दाखवून घ्या. म्हणाल्या, आज तुझी पाळी, पुढच्या खेपेला माझी. मी परत परत म्हटलं हो. गाडीत म्हटलं. नंतर फोन करून पण म्हटलं. ऐकलंच नाही त्यांनी."

पोर ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला धरून उभी होते. एका हातात तुझी छत्री. मला रडू येत नव्हतं. मला एकच गोष्ट कळत होती. तू तिला सांगितलंस. तिनं तुला सांगितलं. केंदूरहून तोंड भाजून आलेली तू, तरी परत एकदा पोरीपाशी गेलीस. नियम तू केलास आणि तू मोडलास, आक्का, आणि मला कळवलंसुद्धा नाहीस. मी तेवढी पाळत बसले.

मी तिला खेळू नको म्हटलं नाही. खेळ असंही म्हटलं नाही. तिनंच शर्टाला नाक पुसलं, मीच शिवलेल्या, आणि सरांकडं गेली. सरांनी आधी हात कमरेवर ठेवले, मग कपाळाला लावला, मग तिच्या डोक्यावर ठेवला. बाप समोरनं उठून आला. तिनं पॅंट वर केली, नी-कॅप काढली. मला वाटलं आता हा ओरडणार, इथंच तमाशा होणार. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि ट्यूबमधलं पंक्चर शोधतो तसा दोन्ही अंगठ्यांनी गुडघा चाचपत राहिला. "कवापासनं?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. 

पुढं काय, ते मला माहीत नाही. ऑपरेशन होईल का, पुढच्या वर्षी परत कुठल्या कोर्सला नाव घालेल का, का स्थळच ठरवतील, काही माहीत नाही. आणि तू जिंकलीस असं समजू नकोस. त्या पोरीचं वर्ष गेलं, साहेब लोकांनी दुसऱ्याच पोरींची नावं लिहून घेतली, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी अजून म्हणते, खेळली असती तर? तू म्हणशील, तुटला असता तर? म्हण की. म्हण ना.

मॅच प्रणालीनं बाकावरनं खेळली. एवढी ओरडली की शेवटी घसा बसला. हरलो. सगळं संपल्यावर बर्फाची पिशवी आली ती चार नंबरच्या खांद्यावर. आबा बरोबर होते. मी वाट बघत होते, आता छाती काढतील, दौंडपर्यंत ऐकवतील.  लोक उठून गेले, ग्राउंडवर धूळ तेवढी राहिली, तरी आम्ही बसूनच.

मग आबा म्हणाले, "मंगल, एक बोलू का?"

"बोला."

"तोंडावर बोलतो. राग मानू नगं." ते माझ्याकडं बघत नव्हते, रिंगकडं बघत होते. "तुज्या बांगड्या पार कोपरापतूर घसरायल्यात. जेवत न्हाईस तू. सकाळपासनं बघतोय, एका जागी बूड ठरंना तुजं. आन् छत्री अशी धरलीस, बोटं पांढरी पडल्यात."

मी म्हटलं, "काय न्हाय झालं, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "समद्या आसंच म्हन्त्यात."

मी छत्री बाजूला ठेवायला गेले. बोटं खरंच उघडत नव्हती. आबांनी ती एकेक करून सोडवली, आणि माझा हात धरून बसले.

आक्का, दुखतंय गं. लई दुखतंय.